पाणी मुरेपर्यंत

पारयआबा माणसाशी बोलण्याआधी जमिनीशी बोलायचे. पारय म्हणजे आमच्याकडची लोखंडी पहार. कुणाच्या अंगणात गेले, देवळापुढे उभे राहिले, शाळेच्या मैदानावर आले, की आधी हातातली पारय जमिनीवर आपटायची, मान वाकडी करून आवाज ऐकायचा, आणि मग घरच्यांना विचारायचं, "काय, बरा मां?" तोपर्यंत घरचा माणूस दारात ताटकळत. कुणाला राग यायचा, कुणी हसायचं. आबांना दोन्हीचं काही नव्हतं.

"अगो, आवाज आयक," ते मला म्हणायचे. "खण्ण वाजला तर पाणी वरच्यावर पळतला. धप्प वाजला तर जमीन तेका घरात घेतली."

चाळीस वर्षं ते चिऱ्याच्या खाणीवर होते. जांभा दगड कापायचा, चिरे काढायचे, आणि उन्हाळ्यात खाणीवरून सुटल्यावर लोकांच्या विहिरी खणायच्या. पारय तेव्हापासूनची. झिजून झिजून टोकाला खिळ्यासारखी झाली होती. पोरांनी त्यांना 'पारयआबा' नाव ठेवलं आणि त्यांनी ते हरकत न घेता घेतलं. खरं नाव मला रेशनकार्डावर पाहून कळलं, आणि ते त्यांना मुळीच शोभत नव्हतं.

माझी आणि त्यांची खरी ओळख भांडणातून झाली. मी त्यात चुकले होते हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल.

कट्टा या बाजाराच्या गावापासून चार मैलांवर आमची वाडी आहे. वाडीच्या डोक्यावर सडा. सडा म्हणजे कातळाचं पठार, त्यावर पावसाळ्यात फुलं, उन्हाळ्यात गुरं आणि वारा. त्या सड्यावर एक रिसॉर्ट आलं. येईना का! पण आल्याबरोबर त्यांनी काय केलं, तर जेसीबीनं कातळ खरवडला, त्यावर कुठल्याशा खाणीची तांबडी माती ओतली, रोलर फिरवून ती रस्त्यासारखी दाबली, आणि ट्रकमधून आलेल्या गवताच्या गुंडाळ्या चटईसारख्या उलगडल्या. अर्ध्या एकराचं लॉन! उघड्या सड्यावर, इथल्या उन्हात! आणि ते हिरवं ठेवायला बोअरवेल. भर दुपारी फवारे सुरू. पाणी पडायचं, अर्धं वारा न्यायचा, उरलेलं दाबलेल्या मातीवरून घसरत गेटबाहेर डांबरावर यायचं. कुत्री प्यायची. आणि खाली आमच्या वाडीची बाव, म्हणजे विहीर, त्या वर्षी मार्चमध्येच तळाला गेली. पहाटे बावीवर सगळ्यांच्या आधी घागर लावणारी शेवंती काकी गढूळ पाणी फडक्यानं गाळत बसलेली मी पाहिली.

माझ्या जिल्ह्यात ढग फाटल्यासारखा पाऊस पडतो. तरी एप्रिलमध्ये टँकर. याची लाज कुणाला वाटते? मला वाटली. मी पत्रक लिहिलं: 'लॉन उखडा, बाव वाचवा'. कट्ट्याच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रती काढल्या आणि पाच-सहा जणांना घेऊन रिसॉर्टच्या गेटवर गेले. आत लॉनवर कोण? आमच्याच वाडीचे पारयआबा. रिसॉर्टचा निळा शर्ट घालून पारयेनं जमिनीला भोकं पाडत होते.

मी गेटवरूनच ओरडले, "आबा, लाज वाटत नाही? बाव आटली आणि तुम्ही त्यांच्या गवताला पाणी घालता?"

ते सावकाश आले. "कागद हाड हंय," म्हणाले. मी पत्रक दिलं. त्यांनी वाचलं नाही, दोन बोटांत धरून चोळलं. "बरो आसा कागद. आणखी आसत?"

मला वाटलं, पटलं यांना. सगळा गठ्ठा दिला. पुढे महिन्याभरानं कळलं की त्यांनी ती सगळी पत्रकं फाडून, भिजवून, पातेऱ्याच्या म्हणजे वाळक्या पानांच्या खड्ड्यात शेणाबरोबर घातली होती. मला रस्त्यात गाठून मुद्दाम सांगितलं, "कागदवाले, तुझो कागद मस्त कुजलो गो. हेच्या आधी तुझो कागद कोणाक इतको कामाक आयलो नसतलो."

तेव्हापासून मी त्यांची कागदवाली. मी चिडून त्यांच्याशी भांडायला जायची आणि भांडता भांडता शिकायची. माझं म्हणणं साधं होतं: सड्यावर लॉन हा माज आहे, तो उपटला पाहिजे. अजूनही माझं तेच म्हणणं आहे. आबा म्हणाले, "तू बोंबलतस ता खरा आसा. पण लॉन उपटल्यार ते काय सडो परत देतले? फरशी घालतले, गाडये लावतले. फरशी पाणी पिता?"

मी घरी जाऊन माझं पत्रक पुन्हा वाचलं. त्यात फरशीचा शब्द नव्हता.

त्यांचं काम कुणालाही कंटाळवाणं वाटावं असं. सकाळी उन्हं यायच्या आत लॉनवर यायचं. वीत-वीत अंतरावर पारय मारायची, हलवून भोक सैल करायचं, पुढं सरकायचं. दिवसाला एक पट्टा. मग त्या भोकांत चाळलेलं शेणखत, कुजलेला पातेरा आणि नारळाच्या सोडणाचा म्हणजे काथ्याचा भुसा मिसळून फावड्याच्या पाठीनं लोटायचा. वरून तेच मिश्रण हातानं पातळ भुरभुरायचं, गवताची पाती उघडी राहतील इतपत. कापलेलं गवत उचलून टाकायचं नाही, तिथंच पसरायचं. एक पट्टा उन्हात इतका कोरडा पडला होता की पाणी त्यावर अळवाच्या पानावर राहतं तसं गोल गोल राहायचं. तिथं त्यांनी रिठे भिजवून ते पाणी झारीनं शिंपडलं. "सायबाच्या शर्टाचो मळ निघता, मगे मातयेचो हट्ट निघाचो नाय?"

रिसॉर्टचा मॅनेजर शहरातून आलेला, डोक्यावर एक केस नसलेला, गुळगुळीत माणूस. त्याला लॉन गालिच्यासारखं लागायचं. आबांनी गवत कापायच्या यंत्राचं पातं वर चढवून ठेवलं. मॅनेजर म्हणाला, "काका, एवढं उंच गवत? पाहुणे काय म्हणतील?"

आबांनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं, मग आकाशाकडे. "केस कापल्यार टकलेक ऊन जास्ती लागता. सायबांका म्हायत आसतला."

पातं वरच राहिलं.

पाणी द्यायची त्यांची रीत मला सुरुवातीला पटली नाही. रोज थोडं थोडं ते देत नसत. चार दिवस कोरडं ठेवायचं, गवत जरा मान टाकायला लागलं, पावलांचे ठसे त्यावर तसेच राहायला लागले, की पाचव्या दिवशी पहाटे सावकाश भरपूर पाणी. मी म्हटलं, "मरेल ना गवत!" ते म्हणाले, "रोज घोट घोट पाजलंस तर मुळां वरच बसान रवतत. ताट वर येता, मगे कशाक जातली खाली? जरा तान लागांदे. तींच पाणी शोधीत जातत." मग जरा थांबून, "पाणी वतूक अक्कल लागणा नाय गो. मुरवूक लागता."

हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून तीनदा. वीट यायचा.

पण मला पटलं ते डब्यानं. त्यांच्याकडे पावडरीचा एक पत्र्याचा डबा होता, दोन्ही तोंडं कापलेला, नळकांड्यासारखा. तो जमिनीत चार बोटं ठोकायचा, त्यात करवंटीभर पाणी ओतायचं, आणि शेजारी उकिडवं बसून पानाची पिशवी उघडायची. घड्याळबिड्याळ नाही. पान हेच माप. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी मला रोलर फिरलेल्या भागावर डबा ठोकून दाखवला. त्यांनी पान पुसलं, चुना लावला, सुपारी कातरली, पान तोंडात घातलं, चघळून संपवलं, थुंकून आले. डब्यातलं पाणी तसंच. वर एक मुंगी पोहत होती. मग पुढच्या वर्षी एप्रिलात, त्याच जागी, भोकांचं आणि खताचं वर्ष उलटल्यावर डबा ठोकला. चुन्याची डबी उघडेपर्यंत पाणी जमिनीत गेलेलं होतं. मी वाकून डब्यात पाहिलं. ओली माती, आणि एक गांडूळ.

"आता समाजला?" आबा म्हणाले.

समजलं. पण खरी गोष्ट मला त्या दिवशी बावीवर समजली. वाडीच्या बावीला आत उतरायला पायऱ्या आहेत. आदल्या वर्षी मार्चमध्ये शेवटची पायरी उघडी पडून खाली चिखल दिसत होता. या वर्षी एप्रिल अर्धा सरला तरी तीन पायऱ्या पाण्यात होत्या. शेवंती काकी घागर बुडवून बुडवून भरत होती. आबा काठावर बसून पारयेनं पायातला काटा काढत होते. सहज बोलल्यासारखं म्हणाले, "ही बाव मी खणलंय. तेवीस वर्षांचो होतंय. वरच्या मोटरीन ती चोखून घेतल्यान. बोंब मारून मोटर थांबना नाय. तेंच्या गवताक तानच लागाक नाय, तर मोटर लावतले कशाक?"

म्हणजे हा म्हातारा वर्षभर रिसॉर्टचा पगार घेऊन आमच्या बावीसाठी राबत होता. मोटर पाच दिवसांतून एकदा. उरलेले चार दिवस पहाटे येऊन व्हॉल्व्ह बंद ठेवायचा. लॉन हिरवंगार, मॅनेजर खूश, कुणी विचारायला नको. मॅनेजरला वाटे रोज पाणी जातंय. आबांनी त्याला खोटं सांगितलं नाही. त्यानं कधी विचारलं नाही, एवढंच.

आणि मी काय केलं? मी पत्रक काढलं.

मला वाटलं, आता पुरावा मिळाला! ग्रामसभा तोंडावर होती. मी ठळक अक्षरांत छापलं: 'पाच दिवसांतून एकदा पाणी देऊन लॉन हिरवं राहतं, मग बोअरवेल रोज चालवायचा परवाना कशाला? विचारा त्यांच्याच माळ्याला!' खाली आबांची दोन वाक्यं अवतरणात. नाव घातलं नाही, पण त्या लॉनवर माळी होताच एक. कट्ट्याच्या बाजारात वाटलं, एसटी स्टँडवर चिकटवलं. मला फार अभिमान वाटत होता.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं आबांना बोलावलं. 'आमचं पाणी आमच्या परवानगीशिवाय बंद करता?' निळा शर्ट काढून ठेवायला लावला. बाहेरून ठेकेदार आणला, त्यानं फवाऱ्यांना घड्याळ लावलं. रोज सकाळ-संध्याकाळ. वर रोलर फिरवला, कारण पाहुण्यांच्या टाचा भोकांत अडकत होत्या म्हणे. ग्रामसभेत मॅनेजर शुद्ध मराठीत म्हणाला, "उष्ण हवामानात हिरवळीला दररोज सिंचन शास्त्रीयदृष्ट्या आवश्यक आहे." मी पत्रक फडकावलं. सभेनं विषय पुढच्या बैठकीवर टाकला. तीन आठवड्यांत बावीची शेवटची पायरी उघडी पडली.

शेवंती काकीनं मला भर वाटेत अडवलं. डोक्यावर रिकामी घागर. "तुझ्या कागदान आमची बाव सुकयल्यान गो! तो म्हातारो गुपचूप करी होतो, तुका कोणी सांगितलेला बोंबलाक?"

मी आबांकडे गेले. माफी मागायला म्हणून गेले, आणि गेल्या गेल्या माझी बाजू मांडायला लागले, कारण मी तशीच आहे. म्हटलं, "आबा, गुपचूप केलेलं काम माणसाबरोबर जातं. तुम्ही उद्या आजारी पडला असता तरी हेच झालं असतं. हे सगळ्यांना कळायलाच हवं होतं."

ते दारात बसून पारय दगडावर घासत होते. थांबले नाहीत. "माका इचारलंस?"

मी पायरीवर बसले.

"तुका इचारूचा वाटला नाय. नोकरी गेली तेचा काय नाय. मी खाणीवरून तीनदा हाकलून घातलेलो माणूस. पण थंय पहाटे व्हॉल बंद करूक आता कोण आसा? तू? तुझो कागद?"

असं कुणी मला कधी बोललं नव्हतं. कितीतरी अधिकाऱ्यांनी दरडावलंय, ते अंगाला लागत नाही. हे लागलं. तरी मला आजही वाटतं की माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. विचारलं नाही, ते चूक होतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आबांनी मला दुसरीबद्दलच झापलं, पहिलीबद्दल नाही. हे कळायला मला फार वेळ लागला.

पावसाच्या आधी ते रेडीला लेकीकडे राहायला निघाले. वाडीत काम नव्हतं, आणि रिसॉर्टनं 'आमच्या मालमत्तेत ढवळाढवळ करणारा' म्हणून आजूबाजूच्या बंगलेवाल्यांना सांगून ठेवलं होतं. कट्ट्याच्या स्टँडवर मी पोचवायला गेले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पारय. कंडक्टरनं दारातच अडवलं.

"आजोबानू, ह्या हत्यार गाडयेत चालाचा नाय."

"हत्यार? अरे, ह्या पारयेन तुझ्या आज्याची बाव खणलेली आसतली!"

"आसतली. पण कोणाच्या पायार पडली तर माझी नोकरी जातली."

"जावंदे," आबा म्हणाले. "माझी गेली, मी मेलंय काय?"

गाडीतली माणसं हसली, ड्रायव्हरनं हॉर्न मारला. आबांनी पारयेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ती माझ्या हातात दिली. पिशवीतून डबाही काढून दिला. "धर. कागदापेक्षा जड आसा, बघून घे." त्यांनी आशीर्वाद वगैरे काही दिला नाही. खिडकीतून डोकं काढून शेवटचं म्हणाले ते कंडक्टरला, तिकिटावरून.

पावसाळ्यात मी छत्री घेऊन रिसॉर्टच्या गेटसमोर उभी राहून पाहिलं. आभाळ ओतत होतं आणि लॉनवरचं पाणी लाल होऊन गेटखालून रस्त्यावर, रस्त्यावरून गटारात, गटारातून ओहोळात पळत होतं. चार महिने फुकटचं पाणी! त्यातलं थोडं जरी त्या अर्ध्या एकरानं पोटात घेतलं असतं. आबांनी एका वर्षात जमिनीला प्यायला शिकवलं होतं, रोलरनं ते एका आठवड्यात विसरायला लावलं.

मी पारय उचलली. शाळेच्या पुढचं अंगण मुख्याध्यापक बाईंच्या परवानगीनं घेतलं. हो, आधी विचारलं. पहिल्या दिवशी हाताला फोड आले, पंधरा भोकं झाली. दुसऱ्या दिवशी वीस. शेवंती काकी कुंपणापलीकडून बघत उभी राही. आठवड्यानं ती पातेऱ्याचं टोपलं घेऊन आली, माझ्या पायाशी ओतलं आणि म्हणाली, "भोका वाकडी मारतंस."

यंदा फेब्रुवारीत, बोअरवेलचा परवाना तपासा या वाडीच्या अर्जावर, तालुक्याहून साहेब पाहणीला येणार असं पत्र आलं. मी आबांना फोन केला. "या. तुम्ही बोललात तर ऐकतील."

"माका कित्याक बोलवतंस? पारय तुझ्याकडे, डबो तुझ्याकडे. मी येवन काय भाषण करू?"

"मग पत्रक काढू का? विचारून घेते या वेळी."

पलीकडे ते हसले असावेत. "काढ. पण आधी डबो रोव, मगे कागद छाप."

साहेब आले. मॅनेजर आला, हातात फाइल. वाडीतल्या बारा-पंधरा बायका घागरी घेऊनच आल्या होत्या, कारण तशाच त्या पाण्याला निघाल्या होत्या. मॅनेजरनं 'दैनंदिन सिंचन', 'शास्त्रीय पद्धत' हे सगळं म्हणून घेतलं. साहेबांनी मान हलवली, पाहणीच्या कागदावर सही करायला पेन काढलं. मी पारय आणि डबा घेऊन निघाले. लॉनच्या मधोमध गेले, पारय आपटली. खण्ण! सगळ्यांनी वळून पाहिलं. डबा ठोकला, करवंटीभर पाणी ओतलं.

"सायबानू," मी म्हटलं, मालवणीत, कचेरीच्या मराठीत नाही, "ह्या पाणी जमिनीत जाईपर्यंत कोणी हंयसून हलाचा नाय. मगे सही करा. मगे शाळेच्या अंगणात चला, थंय हीच करवंटी, होच डबो."

मॅनेजर म्हणाला, "साहेब, याला काय अर्थ आहे? गाडी थांबली आहे."

"किती वेळ लागेल?" साहेबांनी मला विचारलं.

"पान खातास?"

शेवंती काकी पुढे झाली. कमरेची चंची सोडली, पान पुसलं, चुना लावला, सुपारी कातरली आणि साहेबांच्या हातावर ठेवलं. नाही म्हणायची सोय नव्हती. साहेब पान चघळत डब्याशी वाकले. मॅनेजर उन्हात टक्कल पुसत उभा. बायकांनी घागरी खाली ठेवल्या, लॉनवरच.

पान संपलं. साहेबांनी परत वाकून पाहिलं. डब्यातलं पाणी तसंच होतं, त्यात आकाश दिसत होतं.

काकीनं दुसरं पान पुसायला घेतलं.